खुब्याचं ऑपरेशन, आईचा मान आणि मिरजेतले दिवस

माझी आई ८१ वर्षांची आहे. ती भाऊ-वहिनीसोबत तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहते, मी पुण्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिरजेच्या एका खासगी दवाखान्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती वॉकर किंवा काठी धरून घरभर फिरते. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर हुशार होते, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते वेगळंच. वयस्कर माणूस एकदा दवाखान्याच्या खाटेवर आडवं झालं, की त्याच्याशी कोणी बोलेनासं होतं. सगळे त्याच्याबद्दल बोलतात. याचा परिणाम फक्त मनावर होतो असं मला वाटायचं. तो अंगावरही होतो, हे त्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या घरात आत्ता कोणी असं आडवं झालं असेल, त्यांना कुठे कोणाला काय विचारायचं हे कळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

९ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी आई मोरीत घसरली. डावा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. वहिनीने तिला उठवून बसवलं नाही, आहे तशी ठेवून खाली गोधडी सरकवली आणि १०८ ला फोन लावला. हे तिनं फार चांगलं केलं. १०८ ची गाडी फुकट असते, सोबत डॉक्टर असतो आणि पाय न हलवता उचलायचं कसं हे त्यांना माहीत असतं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज, त्यामुळे कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसली. अर्धा सांधा बदलावा लागेल आणि या वयात ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेलं बरं, कारण नुसतं पडून राहण्यानं छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या असं एकेक सुरू होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावाच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईचं नाव होतं. तरी ३०,००० रुपये डिपॉझिट भरावं लागलं. सोबत आधार कार्ड, पॉलिसीचं कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. आईची बीपीची गोळी कोणती हे आठवण्यात आमचा बराच वेळ गेला.

भरती करताना सिस्टरनी भावाला सांगितलं, "दागिने, कवळी, चष्मा, कानाचं मशीन सगळं घरी घेऊन जा. हरवलं तर आमची जबाबदारी नाही." भावाने सगळं पिशवीत घालून गावी पाठवलं. मी संध्याकाळच्या गाडीने मिरजेला पोचले तेव्हा आईला समोरचं नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं आणि कवळी नसल्यानं तिचं बोलणं इतरांना कळत नव्हतं. घरात जिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही अशी बाई एका दुपारीत मुकी-बहिरी झाली होती.

रात्री राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून भावाशी बोलणं केलं. हेड काढून टाकायचं, रिप्लेसमेंट करायची, खर्च साधारण दीड लाख. आई टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उद्धटपणा नव्हता त्यात, त्यांना अजून पुष्कळ पेशंट बघायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होते. तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "पाय कुठनं कापणार गं? गुडघ्यापासनं का वरनं?"

"काढून टाकायचं" एवढंच तिनं ऐकलं होतं. रात्रभर ती आपला पाय जाणार हे धरून पडली होती, आणि आम्हाला त्रास नको म्हणून कोणाला उठवलं नव्हतं. मला त्या क्षणी रडू आवरेना.

अकराच्या सुमाराला मोठे ऑर्थोपेडिक सर्जन आले. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, हे सगळं जरा आईलाच सांगता का? तिला सगळं समजतं. फक्त उजव्या कानाशी मोठ्यानं बोलावं लागतं." ते लगेच स्टूल ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सांधा काढला. "आजी, उखळात मुसळ फिरतं तसा हा सांधा. तुमच्या मुसळाचं डोकं तुटलंय. तेवढं काढून स्टीलचं बसवायचं. पाय तुमचा तुमच्यापाशीच." आईनं विचारलं, उभी कधी राहीन? दुसऱ्या दिवशी. जमिनीवर बसता येईल? नाही, आता खुर्ची आणि कमोड. मग पंढरपूरला? पायी नाही, गाडीनं जायचं. मग तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मग करा." या सगळ्याला जेमतेम पाच मिनिटं लागली असतील. त्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा पोटभर पेज प्यायली.

यापुढचं काम संमतिपत्राचं. फॉर्म इंग्रजीत होता आणि भावापुढे ठेवला होता. मी काउंटरवर मराठी फॉर्म मागितला. आधी "सगळे यावरच सही करतात" असं उत्तर आलं. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा कपाटातून छापील मराठी फॉर्म निघाला. तोवर भाचा गावाहून चष्मा, कवळी आणि मशीन घेऊन आला होता. आईनं फॉर्म वाचला, भूल कमरेतून देणार ना हे विचारून घेतलं आणि सही केली. भावाने साक्षीदार म्हणून केली. हे नीट लक्षात ठेवा: पेशंट शुद्धीवर आणि भानावर असेल तर संमती त्याचीच लागते, मुलाची किंवा नवऱ्याची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समिरा कोहली खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आहे. वय ८१ असलं म्हणून हा हक्क मुलाकडे जात नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आमच्या दवाखान्यात ती लिफ्टशेजारी होती. आजाराची माहिती आपल्या भाषेत मिळणं, तपासणीच्या वेळी खासगीपणा राखला जाणं, औषधं कुठूनही घेण्याची मोकळीक, बिलाचा तपशील हे सगळं तिच्यावर होतं. मी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला. नंतर बोलताना आवाज न चढवता "सनदेत असं आहे" म्हणता आलं.

टूडी इको म्हणजे हृदयाची तपासणी, ऑपरेशन झेपेल असं फिजिशियनचं फिटनेस आणि मेडिक्लेमची मंजुरी यात १० तारीख गेली. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय कंपनीनं एका तासात द्यायचा असतो. पण हा तास दवाखान्यानं कागद पाठवल्यावर सुरू होतो. आमचे कागद डेस्कवरच संध्याकाळपर्यंत पडून होते. म्हणून कंपनीला फोन करण्याआधी डेस्कवर जाऊन "मेल गेला का, किती वाजता गेला" हे विचारा.

११ तारखेला ऑपरेशन. रात्री बारापासून उपाशी ठेवलं, आणि नंबर लागला दुपारी चारला. तोंडाला कोरड पडून तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. भूलतज्ज्ञ भेटायला आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले की साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पण लिस्ट पुढे-मागे होते म्हणून वॉर्डात सरसकट बंद करतात. त्यांनी तिथल्या तिथे थोडं पाणी द्यायला सांगितलं. तेव्हा सकाळीच विचारा की लिस्टमध्ये नंबर कितवा आहे आणि पाणी कधीपर्यंत चालेल. विचारायचं भूलतज्ज्ञांना, कारण वॉर्डातल्या सिस्टरना तो अधिकार नसतो.

मग गाऊन. मागून उघडा, नाड्या दोन, त्यातली एक तुटलेली. आई जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले तेव्हा ती दोन्ही हातांनी गाऊन ओढत होती आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. मी चादर मागितली आणि गळ्यापासून पायापर्यंत पांघरली. नंतर कळलं की जादा चादर मागितली तर कोणी नाही म्हणत नाही, पण स्वतःहून कोणी देत नाही. गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगितल्यावर मात्र ती अडून बसली. माळ घातल्यापासून ती कधी उतरली नव्हती. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या दारातल्या सिस्टर वयानं मोठ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, गळ्यात नको, नळी घालायची वेळ आली तर अडचण होते. मनगटाला गुंडाळून वर पट्टी लावते. चालेल?" त्यांनी गॉजमध्ये माळ गुंडाळून उजव्या मनगटावर चिकटपट्टीनं बसवली. आई हात जोडून आत गेली.

ऑपरेशन सव्वा तासात झालं. १२ तारखेला फिजिओथेरपिस्टनी वॉकर देऊन उभं केलं, दोन पावलं टाकली. आम्ही आनंदात होतो.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. लघवीची नळी होती, आणि शौचासाठी डायपर बांधला होता. आईनं भांडं मागितलं तेव्हा वॉर्डातल्या मदतनीस मावशींनी सांगितलं, "डायपर लावलाय ना आजी, त्यातच करा." आजूबाजूला पाच खाटा, पडदा अर्धा सरकलेला. तिच्यानं ते होईना. तिनं एक साधा मार्ग काढला: खायचं बंद केलं आणि पाणी घोट-घोटच घेऊ लागली. मला म्हणाली भूक नाही. दवाखान्यातल्या किती म्हाताऱ्या बायका असं करत असतील, त्याची गणतीच नाही. आईच्या शेजारच्या खाटेवरची बाईही तेच करत होती. अथणीची आजी, फक्त कन्नड येणारी. तिच्या मुलाला भेटीच्या वेळेतच आत सोडत, आणि बाकी दिवसभर तिच्याशी कोणी चार शब्द बोलत नव्हतं.

ऑपरेशननंतर आईला ज्या वॉर्डात ठेवलं तिथे रात्री नातेवाइकांना थांबू देत नव्हते. मी बाहेर बाकावर होते. १३ तारखेला पहाटे आत गेले तर आईचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीनं खाटेच्या कठड्यांना बांधलेले. उजव्या मनगटावर, माळेच्या जरा वर, लाल वळ उठला होता. ती मला ओळखत नव्हती. "म्हशी सुटल्यात, दार लाव" असं एकसारखं म्हणत होती. रात्री तिनं सलाईन उपसलं होतं, खाटेवरून उतरायला बघत होती. वॉर्डात एकच सिस्टर होत्या आणि त्या घाबरल्या होत्या, हे मला कळतं. पण बाहेर दहा पावलांवर मी बसले होते, आणि मला उठवलं नाही. याचा राग मला अजून आहे.

मी आधी पट्ट्या सोडल्या, तिचा हात हातात धरला आणि मग सिस्टर इन्चार्जना बोलावलं. आरडाओरडा केला असता तर त्यांनी सिक्युरिटी बोलावली असती. मी दोनच गोष्टी सांगितल्या: हात बांधायला कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं ते फाइलमध्ये दाखवा, आणि फिजिशियनना आत्ता बोलवा. फाइलमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं.

फिजिशियन बाई आल्या. त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. याला डेलिरियम म्हणतात. हे वेड नाही, आणि बहुतेक वेळा हे तात्पुरतं असतं. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत ते बरंच दिसतं. अचानक सुरू होतं, दिवसभरात कमी-जास्त होतं, रात्री वाढतं. शरीरात पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, जंतुसंसर्ग, न सांगता आलेली वेदना, पोट साफ नसणं, लघवीची नळी, झोपेच्या गोळ्या, अनोळखी जागा आणि त्यात चष्मा-मशीन नसणं, यातलं काहीही याला पुरतं. आईचं सोडियम १२६ आलं, पोट भरतीपासून साफ नव्हतं, आणि त्या वॉर्डात हलवताना चष्मा व मशीन पुन्हा पिशवीत गेलं होतं. बांधल्यानं माणूस जास्त बिथरतं, हेही त्यांनी सिस्टरना माझ्यासमोरच सांगितलं. डायपरमध्ये करायची लाज, त्यापायी पाणी तोडणं आणि त्यातून ही रात्र, हा सगळा धागा मला तेव्हा दिसला. मान राखणं हे औषधाच्या आधी येतं, असं मी तेव्हापासून धरून चालते.

त्याच सकाळी हे बदल झाले. नळी काढली. डायपर काढला, दर दोन-तीन तासांनी भांडं, आणि पडदा पूर्ण ओढायचा. पोट साफ होण्याचं औषध. सोडियमची दुरुस्ती सावकाश. खिडकीजवळची खाट, समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ, जे मी बाजारातून २५० रुपयांना आणलं. रात्री घरचं एक माणूस आत थांबेल, अशी परवानगी फिजिशियननी फाइलमध्ये लिहून दिली. तोंडी परवानगी ड्यूटी बदलली की संपते, म्हणून लिहूनच घ्या. रात्री नऊनंतर वरचा दिवा बंद.

आणि एक कागद. मी ए-फोर कागदावर जाड पेनानं लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवला:

"यांना उजव्या कानानं ऐकू येतं. समोर येऊन सावकाश बोला. चष्मा आणि मशीन उशीजवळच्या डबीत आहे. भांडं मागायला लाजतात, कृपया तुम्हीच विचारा. हात लावण्याआधी काय करणार ते सांगा. यांना आवडतं: कोरा चहा, हरिपाठ."

सिस्टर इन्चार्जनी तो काढायला सांगितला नाही, उलट वाचून थांबल्या. दुपारच्या ड्यूटीची एक लहानशी सिस्टर आली, कागद वाचला आणि आईला म्हणाली, "काय म्हणून हाक मारू तुम्हाला?" आई म्हणाली, "आक्का म्हणतात मला सगळी." संध्याकाळपर्यंत वॉर्डात ती आक्का झाली होती. अथणीच्या आजीच्या मुलानं माझ्याकडून पेन घेतलं आणि तसाच कागद मराठीत माझ्याकडून, कन्नडमध्ये स्वतः लिहिला. वॉर्डातल्या एका मावशींना कन्नड येत होतं, ते तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

दोन रात्री आई अधूनमधून भरकटायची. मी वाद घालत नव्हते. "दार लावलंय, म्हशी गोठ्यात आहेत, तू मिरजेला आहेस, मी इथंच आहे," एवढंच परत परत. १५ तारखेला सकाळी तिनं चष्मा मागितला आणि विचारलं, "आज शनिवार ना गं?" शनिवारच होता.

डिस्चार्ज १७ तारखेला, सोमवारी. डॉक्टरांनी सकाळी नऊला सांगितलं, घरी निघायला संध्याकाळचे पाच वाजले. दवाखान्याची विनंती पोचल्यापासून तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि कंपनीमुळे उशीर होऊन दवाखान्यानं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा, हेही त्याच परिपत्रकात आहे. पण इथेही विनंती दुपारी गेली होती. तोवर खाट रिकामी करा म्हणून मागे लागले. मी बिल हातात येईपर्यंत आईला खाटेवरून उठवू दिलं नाही. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला लॉबीतल्या व्हीलचेअरवर चार तास बसवायचं कारण नाही. एकूण बिल १,५८,००० च्या आसपास झालं, त्यातले सुमारे २६,००० आम्ही भरले: हातमोजे, डायपर, किट असल्या वस्तू विम्यात धरत नाहीत. घरी आल्यावर वॉकर १,२०० रुपये, कमोडची खुर्ची २,८००, घरी येणाऱ्या फिजिओचे भेटीला ४०० रुपये.

डिस्चार्ज कार्डात डेलिरियमचा उल्लेख नव्हता. तो मी सांगून लिहून घेतला, सोडियमच्या आकड्यासकट. पुढच्या वेळी भूल देणाऱ्याला हे माहीत असणं फार गरजेचं आहे. पूर्ण फाइलची प्रतही मागा. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, असा डॉक्टरांच्या नियमावलीतच २००२ पासून नियम आहे. झेरॉक्सचे पैसे भरावे लागले, कागद मिळाले.

ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांच्यासाठी: ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. आधारची ई-केवायसी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा अंगठा आणि ओटीपी जुळवणं फार जिकिरीचं होतं, म्हणून माणूस चालतं-बोलतं असतानाच कार्ड काढून ठेवा, आणि दवाखाना त्या योजनेत आहे का, तो उपचार तिथे बसतो का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारून मगच भरती करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. कुठे दाद मागायची ते तिथे मराठीत सांगतात.

मार्चमध्ये मी दवाखान्याच्या प्रशासकांना पत्र लिहिलं. भांडण नको होतं. ओटीच्या सिस्टर, मोठे सर्जन आणि फिजिशियन बाई यांचे आभार आधी मानले, मग चार मागण्या: चष्मा-मशीन-कवळी घरी पाठवायला न सांगता खाटेजवळ डबी द्या, मराठी आणि कन्नड संमतिपत्र काउंटरवरच ठेवा, नातेवाईक बाहेर असताना हात बांधायची वेळ आली तर आधी त्यांना बोलवा आणि फाइलमध्ये लिहा, भांडं मागणाऱ्याला डायपर दाखवू नका. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. डबी आणि फॉर्म मान्य. हात बांधण्याबद्दल "सूचना दिल्या आहेत" एवढंच. डायपरबद्दल काही नाही, मावशींची संख्या कमी आहे असं फोनवर सांगितलं. ते खरंही असेल, पण मी पुन्हा लिहिणार आहे.

पुढच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दवाखान्यात. परवा तिथे गेलो तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले. आईनं काठी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाली, "डोळा माझा हाय, मला सांगा." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. संमतिपत्र मराठीत मिळालं, ते आम्ही वाचायला घरी आणलंय.